पांदणीचे टायर

फुलसावंगी
४ मे २०२५

रहमत,

विठ्ठलचा रामराम घे. गुलनारवहिनीले नमस्कार सांग, आन् तुह्या पोराले, तारिकले, माह्याकडून एक धपाटा दे. मागच्या महिन्यात त्यानं मले फोन लावला आन् मी पाच मिनिटं नुसतं "हाव, हाव" करत राह्यलो. एक अक्षर आयकू आलं नाही. कानातली मशीन आवाज सोडून बाकी सगळं देते, शिट्ट्या देते, खाज देते. म्हणून हे पत्र. तसंही फोनवरचं बोलणं तू उद्या नाकारशील, कागदावरचं नाकारता येत नाही.

बातमी अशी, की मी जीप घेतली. जुनीच आहे, यवतमाळच्या एका ठेकेदाराची, पण चारही चाकं ओढते. आमच्या नयननं पुण्यात बसून फोटो पाह्यला आन् विचारलं, "बाबा, अडुसष्टाव्या वर्षी हे काय?" मी म्हटलं, अडुसष्टाव्या वर्षी नाही तर काय शंभराव्या वर्षी घेऊ?

आता तुह्या धंद्याचं काम. मले मोठे टायर पाह्यजेत. मोठे म्हणजे मोठे. उमरखेडच्या रोडवर एका पोट्ट्याच्या गाडीले पाह्यले होते, तेहतीस इंची, साडेबारा रुंद, चांदीसारखे चमकणारे रिम. तसे. गाडी अशी दिसली पाह्यजे की तांड्यावरच्या प्रेमसिंगच्या ट्रॅक्टरनं बाजूले व्हायले पाह्यजे.

हे सगळं खत-बियाणं न्यायले बरं का. आमची पांदण तू पाह्यली आहे. गावापासून वावरापर्यंत पावणेदोन किलोमीटर काळी माती, दोन्हीकडून वावराचे धुरे-बांध वर आन् मधात रस्ता खाली. जून ते दिवाळी तिथून बैलही मनापासून जात नाही. मी पांदण समितीचा अध्यक्ष, प्रेमसिंग सचिव, आन् तीन वर्षं झाले आम्ही रस्ता पक्का करायले अर्जावर अर्ज करून राह्यलो. यंदा कचेरीतले साहेब म्हणाले, पावसाळ्यात पाहणी करू आन् पक्क्या यादीत नाव टाकू. पांदण होईल तवा होईल. तोपर्यंत टायर.

तुहा
विठ्ठल


दिग्रस
११ मे २०२५

विठ्ठल दोस्ता, सलाम.

पत्र गुलनारनं आधी वाचलं, हासून घेतलं, मंग मले देलं.

बेचाळीस वर्षं झाले मले या धंद्यात, आन् गिऱ्हाईक टायरचं माप सांगतच दुकानात आलं की मले कळते, यानं टायर रोडवर नाही, दुसऱ्याच्या गाडीखाली पाह्यला. साडेबारा रुंद टायर रेतीत चांगला. नदीच्या पात्रात चांगला. वरातीत तर लयच चांगला. आपल्या काळ्या मातीत तो वरच्या वर तरंगते, खालच्या मुरमापर्यंत पोचतच नाही. नक्षीत गारा-चिखल भरला की टायरचं लाटणं होते. चारही चाकं गरगर फिरतात आन् गाडी जागच्या जागी. अरे, तुह्या बैलगाडीचं चाक पाह्य. कोण्या सुतारानं ते कवा रुंद केलं का?

तुले पाह्यजे उंच आन् अरुंद. साडेसात-सोळा, म्हणजे साडेसात रुंद, सोळा इंची रिमचा. खोल, मोकळ्या खाचाईचा. तो गारा कापत खाली टणक जमिनीवर टेकते, आन् फिरता फिरता खाचाईतला चिखल फेकून देते. दिसायले बिलकुल देखणा नाही. पण तू त्याच्याशी निकाह करून राह्यला का?

रिमही बदलावं लागंल, जुन्या रिमवर हा टायर नीट बसत नाही. आता माप घे. चाकाच्या वर पत्र्यापर्यंत जागा किती, एकदा चाक सरळ ठेवून आन् एकदा स्टिअरिंग पूर्ण कापून. आन् मियाँ, हे माप रिकाम्या गाडीत घेऊ नको. मागं वजन टाक, मंग घे. रिकाम्या गाडीत सगळ्यायचेच टायर बसतात, खड्ड्यात गेल्यावर पत्रा घासते आन् लोक मले शिव्या देतात.

राह्यली गोष्ट खत-बियाण्याची. ते तू दरसाल मे महिन्यातच बैलगाडीनं वावरात नेऊन ठेवतं, हे मले माहीत नाही का? खरं कारण लिही. तोपर्यंत टायरले मी हात लावणार नाही.

रहमत


फुलसावंगी
१९ मे २०२५

रहमत,

तू टायर विकतं का मुलगी देतं? इतली चौकशी तर नयनच्या सासऱ्यानं केली नव्हती.

माप घेतलं. वजनाले पोते नव्हते, म्हणून मागं समितीचे पाच सदस्य बसवले. प्रेमसिंग एकटाच दोन पोत्याईचा आहे. मी सांगतलं, एक वीत जागा आहे. प्रेमसिंग म्हणे, माह्या वितीनं पाऊणच आहे. त्यावर सभा झाली. शेवटी तुही वहिनी, कोकिळा, शिवणाची टेप घेऊन आली, वाकता येत नाही तिले, तर टेपचं एक टोक माह्या हातात देऊन तिनं मोजलं. सरळ चाकावर साडेसात इंच, कापल्यावर पाच.

आता खरं कारण. हसू नको.

कोकिळाचे गुडघे चार वर्षांपासून गेले. पाऊस पडला की ते वावर तिच्यासाठी बंद, दिवाळी होईपर्यंत. ज्या बाईनं चाळीस वर्षं ते वावर निंदलं, तिले मी घरी येऊन सांगतो की कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी झाली. ती विचारते, "पाते किती लागले?" मले सांगता येत नाही. मी उंचीच पाह्यलेली असते, कळ्या नाही. मंग ती भाकर थापत बसते. रहमत, त्या वक्ताले मले घरात बसवत नाही. बस, हेच कारण आहे. तिले सांगतलं नाही. तिले खत-बियाणंच वाटून राह्यलं.

तुहे ते कुरूप टायर लाव. पण रिमले निदान रंग तरी चांगला मार.

विठ्ठल


दिग्रस
१४ जून २०२५

विठ्ठल,

हसलो नाही. गुलनारनं पत्र पुन्हा मागून घेतलं आन् मले विचारलं, "तुम्ही माह्यासाठी काय केलं?" तुह्यामुळं माह्या घरात तवापासून हाच प्रश्न चालू आहे.

काल तारिकनं किल्ली देली तवा तू एवढा खूश होता की त्याचं काही आयकलं नसशील, आन् तसंही तुले आयकू येत नाही. म्हणून लिहितो. डांबरी रोडवर तीस पौंड हवा. पांदणीच्या तोंडाशी थांबून अठरा-वीसवर आण, म्हणजे टायर पसरून जमीन धरते. गावात परत आला की लगेच पंपानं भर. आळस करशील तर टायर रिमवर फिरते आन् ट्यूब फाटते. चाक उंच झालं म्हणून स्पीडचा काटा आता खोटं बोलंल. तो पन्नास दाखवील तवा तू पंचावन्नवर असशील. स्टिअरिंग जड लागंल. फोर-व्हील चिखलातच टाक, शान दाखवायले डांबरी रोडवर नको.

जीप आता इतली उंच झाली की कोकिळावहिनीले चढता आलं नसतं. हे तुह्या ध्यानात आलतं का? नाही आलं. मले माहीत होतं. तारिकनं डाव्या बाजूले लोखंडी पायरी लावली आन् धरायले दांडा. त्याचं मले काही सांगू नको, वहिनीले सांग की दिग्रसच्या दिरानं पाठवला.

पहिल्या शंभर किलोमीटरवर नट आवळावे लागतात. तारिक येईल.

रहमत


फुलसावंगी
९ जुलै २०२५

रहमत, लेका, तुह्या हातात जादू आहे!

परवा गेलतो. चार दिवसाची झड लागून गेलती, पांदणीत गुडघाभर गारा. हवा कमी केली, फोर-व्हील लो टाकला, कोकिळाले पायरीवरून चढवलं. ती विचारते, "कुठं?" मी म्हटलं, "खत पाहायले." अख्खं गाव तोंडाशी उभं होतं. मी पहिला गिअर टाकला आन् तुहे ते कुरूप टायर असे चालले बाप्पा, गारा मागं फेकत फेकत! कुठं थांबले नाही. कोकिळा दांडा धरून हासून राह्यली होती. मले वाटते लग्नानंतर पहिल्यांदा माह्यामुळं हासली.

वावरात उतरली. मले वाटलं, चार वर्षांनी पावसाळ्यात आली, डोळ्याले पदर लावील. तिनं मे महिन्यात ओलितावर लावलेल्या पऱ्हाटीचं पान उलटं केलं, मागचा मावा पाह्यला आन् मले म्हणे, "शेवटचा फवारा कवा मारला होता?" असं झापलं मले धुऱ्यावर उभं करून! मंग ओळीनं फिरली आन् पाते मोजले. मले इतलं बरं वाटलं की सांगता येत नाही.

परत येताना प्रेमसिंगचा ट्रॅक्टर फसला होता. मी दोर लावला आन् ओढून काढला. ट्रॅक्टर! जीपनं! निंदायले आलेल्या बाया धुऱ्याले टेकून पाहत होत्या. प्रेमसिंगचं तोंड पाहण्यासारखं झालतं.

तारिक नट आवळायले आलता तो त्याच दिवशी. बिचारा पूर्ण वेळ मोबाईल उंच धरून पांदणीत सिग्नल शोधत फिरला. आमच्याकडं नेटवर्कचं कठीणच आहे, त्याले सांग.

तुहा
विठ्ठल


दिग्रस
१६ जुलै २०२५

विठ्ठल,

पत्र वाचून आम्ही दोघं लय खूश झालो. वहिनीनं झापलं हे तर गुलनारनं दोनदा वाचून घेतलं.

इथं दुकानात गर्दी आहे. पुसद, आर्णी, दारव्हा, कुठून कुठून पोट्टे येऊन राह्यले, म्हणतात "ते पांदणीवाले टायर द्या." तुह्या गाडीचं नाव इतल्या दूर कसं पोचलं, अल्ला जाने.

साहेब पाहणीले आले का? आले नसतील तर लवकर बोलाव. पाऊस आहे तोवर पांदण दाखवलेली बरी. आन् एक विचारायचं होतं. ते साहेब मोबाईल पाहतात का? सहज विचारलं.

रहमत


फुलसावंगी
५ ऑगस्ट २०२५

रहमत,

माहं वाटोळं झालं.

कचेरीतून कागद आला. जसाच्या तसा उतरवतो. "सदर पांदण रस्त्यावरून भर पावसाळ्यात चारचाकी वाहन सुरळीत ये-जा करीत असून सदर वाहनाने नादुरुस्त ट्रॅक्टरही ओढून नेल्याचे चित्रफितीवरून निदर्शनास आले आहे. सबब रस्ता वाहतुकीस योग्य असल्याने प्रस्ताव प्राधान्य यादीतून वगळण्यात येत आहे."

मी कचेरीत धावलो. साहेबानं मोबाईल काढून माह्यासमोर धरला. त्यात मी! जीप चालवून राह्यलो, कोकिळा हासून राह्यली, मागं प्रेमसिंगचा ट्रॅक्टर दोराले. खाली पिवळ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं, पण चष्मा घरी राह्यला, आन् आवाज तर मले येतच नाही. साहेब म्हणे, "काका, तुम्ही अध्यक्ष ना? मग तुम्हीच सांगा, हे तुम्हीच ना?" काय सांगू? मीच होतो.

तीन वर्षांची मेहनत, रहमत. बेचाळीस घरं त्या पांदणीवर वावरात जातात. बेचाळीस घराईले मी एकट्यानं चिखलात घातलं, कशासाठी, तर मले गावासमोर मिरवायचं होतं. हंसाबाई आहे ना, अगदी शेवटच्या वावरातली, नवऱ्यामागं एकटी शेती करते. ती मले म्हणाली, "भाऊ, तुमची पांदण झाली ना? बस झालं मंग." इतलंच म्हणाली आन् गेली.

व्हिडिओ कोणाचा, हे मले माहीत आहे. प्रेमसिंगचा. ट्रॅक्टर ओढल्याचं त्याले लागलं. त्याचा पुतण्या सोनू दिवसभर मोबाईल घेऊनच फिरते. मी प्रेमसिंगले ग्रामपंचायतीसमोर सगळ्यादेखत घरभेद्या म्हटलं.  तो सचिवपदाचा राजीनामा देऊन गेला.

पुन्हा पाहणीचा अर्ज टाकला आहे. साहेब २१ ऑगस्टले स्वतः येणार, आन् म्हणतात, "तुमच्याच जीपमध्ये बसून पाहू." आता काय करू? तुहे टायर फसतच नाहीत! मी करून पाह्यलं. हवा पूर्ण भरली, फोर-व्हील काढला, हंसाबाईच्या धुऱ्याजवळच्या डबक्यात मुद्दाम घातली. निघाली लेकाची.

दोस्ता, मले असे टायर दे, जे फसतील. शंभर टक्के फसतील असे.

विठ्ठल


दिग्रस
१० ऑगस्ट २०२५

विठ्ठल,

हे पत्र बसून वाच. आन् वाचून झाल्यावर आधी प्रेमसिंगच्या घरी जा, मंग मले शिव्या दे.

ती पिवळी अक्षरं अशी आहेत: "तारिक टायर्स, दिग्रस. पांदण असो की डोंगर, आम्ही आहोत." तारिक सिग्नल शोधत नव्हता. त्यानं तो व्हिडिओ दुकानाच्या जाहिरातीले टाकला. अडीच लाख लोकाईनं पाह्यला. जुलैत मी तुले पत्र लिहिलं तवा मले हे माहीत होतं. धंदा चालून राह्यला होता, तुही जीप लोकाईले आवडून राह्यली होती, मले वाटलं, कशाले सांगायचं. मंग साहेबाची आठवण आली, तर भीती वाटली, आन् भीतीपायी अजूनच गप बसलो. माफ कर म्हणायले तोंड नाही, पण म्हणतो. माफ कर.

तारिकनं व्हिडिओ काढून टाकला. पण आता तो साहेबाच्या मोबाईलमध्ये आहे, तिथून कसा काढणार?

टायरचं म्हणशील तर बेचाळीस वर्षांत लोकाईनं मले टिकणारा टायर मागितला, स्वस्त मागितला, उधार मागितला. फसणारा कोणीच मागितला नव्हता. रात झाली तरी मन मानत नव्हतं. पण चूक माह्या घरची आहे, तर इज्जतीचा विचार मी करणारा कोण?

तुह्या पहिल्या पत्रातलेच लावू. तेहतीस इंची, साडेबारा रुंद, रोडची बारीक नक्षी, चमकणारे रिम. एका पोट्ट्यानं शौक संपला म्हणून दुकानात आणून टाकले आहेत. हवा पस्तीस पौंड ठोकून भर. स्टिअरिंग पूर्ण कापू नको, पत्रा घासंल. बाकी काळजी करू नको. हे टायर दगा देणार नाहीत, नक्की फसतील.

रहमत


फुलसावंगी
२१ ऑगस्ट २०२५

रहमत,

शिव्या मनात देऊन झाल्या. आता कामाचं.

परवा तारिक आलता. मान खाली घालूनच त्यानं टायर बदलले. खरं सांगू? जीप इतली देखणी दिसली की मी दोनदा तिच्याभोवती फिरून आलो.

आज सकाळी साहेब आले. पांढरी पँट, नवे बूट. चमकणारे रिम पाहून म्हणाले, "वा काका, शौकीन आहात." मी तोंडाशी थांबलो नाही, हवा काढली नाही, सरळ पांदणीत घातली. दोनशे पावलंही गेलो नसू. चारही चाकं गोल लोंदे झाली, जीप डावीकडं सरकली आन् धुऱ्याले टेकून पोटावर बसली. इतलं मस्त फसताना मी आजवर कोण्या गाडीले पाह्यलं नाही. मी तुह्या नावानं हात जोडले.

साहेब उतरले. साहेब गाऱ्यातून बाहेर आले, डावा बूट आत राह्यला. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत काळी करून ते गावात चालत आले. कोकिळानं चहा देला, पाय धुवायले गरम पाणी देलं. साहेब म्हणाले, "परिस्थिती गंभीर आहे." हे शब्द मी स्वतः त्याईच्या ओठावर वाचले.

प्रेमसिंगकडे तुहं पत्र आलं त्याच दिवशी गेलतो. पाय धरायले वाकलो तर म्हणे, "कंबर धरंल तुही, उभा राह्य." आज जीप काढायले त्यालेच विचारलं. तर म्हणे, आज खांदेमळणी, उद्या पोळा, बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवणार नाही, आन् ट्रॅक्टर घातला तर तोही बसंल. म्हणून जीप तिथंच आहे. असू दे. जितले दिवस राहील तितला पुरावा.

काम झालं, दोस्ता. आता फक्त कागद यायचा आहे.

विठ्ठल


फुलसावंगी
८ सप्टेंबर २०२५

रहमत,

कागद आला.

"प्रत्यक्ष पाहणीदरम्यान वाहन चिखलात अडकले ही बाब खरी आहे. तथापि हेच वाहन माहे जुलैमध्ये वेगळे टायर असताना याच रस्त्यावरून सुरळीत गेल्याचे चित्रफितीत स्पष्ट दिसते. यावरून दोष रस्त्याचा नसून टायरचा असल्याचे सिद्ध होते. संबंधित शेतकऱ्यांनी योग्य टायर वापरावेत. प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे."

मी अध्यक्षपद सोडलं. आता लिहावंसं वाटत नाही.

विठ्ठल


दिग्रस
१३ सप्टेंबर २०२५

विठ्ठल,

तुहा कागद वाचून मी दुकान दोन तास बंद ठेवलं. उघडलं तर फुलसावंगीचे लोक उभे. तुमच्याच पांदणीवरचे अकरा जण, कोणाची पिकअप, कोणाची जुनी जीप. म्हणतात, "सरकारनं लिहून देलं आहे, योग्य टायर वापरा. ते साडेसात-सोळा द्या." असं झालं आहे की सरकार माही जाहिरात करून राह्यलं, आन् मले लाज वाटून राह्यली. तारिकनं नावं लिहून घेतली. मी अजून एकही टायर देला नाही. काय करू, ते तू सांग. तू सांगशील तसं.

आन् अध्यक्षपद सोडू नको यार.

रहमत


फुलसावंगी
२६ सप्टेंबर २०२५

रहमतभाऊ,

कोकिळाचा नमस्कार. गुलनारभाभीले सांगा, त्याईनं पाठवलेलं लोणचं पोचलं. तुमचे मित्र पंधरा दिवस झाले कोणाशी बोलून नाही राह्यले, तुमच्या पत्राचं उत्तरही टेबलावर कोरं पडलं आहे. म्हणून मी लिहून राह्यली.

आधी एक सांगते, जे त्याईले सांगतलं नाही. त्या दिवशी मले जीपमध्ये बसवून नेलं, वावर दिसलं, तवा माह्या मनात काय झालं ते माहं मले माहीत. घरी येऊन मी न्हाणीत बसून रडली. पण जाताना पांदणीत हंसाबाई होती, तांड्यावरच्या बाया होत्या, डोक्यावर डबे घेऊन निंदायले चाललेल्या. जीप आली म्हणून त्या धुऱ्याले चिकटून उभ्या राह्यल्या. चाकाचा गारा उडून त्याईच्या लुगड्यावर गेला. मी चाळीस वर्षं त्याईच्यासंगं चालली, आन् त्या दिवशी मी वर होती, त्या खाली. मी हासून राह्यली होती ते खरं. त्याईले पाह्यल्यावर हासणं बंद झालं, ते तारिकनं घेतलं नाही.

तुमचं पत्र वाचलं, अकरा जण टायर मागायले आले म्हणून. ज्याच्याजवळ गाडी आहे तो टायर घेईल. मंग ती पांदण कोणीच मागणार नाही. मले झोप लागली नाही.

मंग मी हंसाबाईले निरोप धाडला. सोमवारी तुमच्या मित्राले म्हटलं, वावरात सोडून द्या, संध्याकाळी घ्यायले या. त्याईनं सोडलं, जीपले तुमचे अरुंद टायर पोळ्यानंतर परत लावले आहेत. त्याईची जीप गेली की आम्ही सोळा जणी पांदणीतून पायी निघालो, गावाकडं. मले दीड तास लागला. हंसाबाईनं एक हात धरला, प्रेमसिंगभाऊच्या घरच्या बाईनं दुसरा. गावात आल्यावर कोणीच पाय धुतले नाही. तसंच एसटीत बसलो. कंडक्टर कुरकुरला, मंग तिकिटं फाडली.

कचेरीत शिपाई म्हणे, "नळावर पाय धुऊन या." हंसाबाई तशीच आत गेली आन् फरशीवर बसली. आम्ही सगळ्या बसलो. साहेब उभे राह्यले. मी त्याईचा कागद समोर ठेवला. म्हटलं, "साहेब, तुम्ही लिहिलं, शेतकऱ्याईनं योग्य टायर वापरावेत. तुमचं खरं आहे, आम्ही वापरतो. या सोळा जणीईच्या पायाले कोणता लावायचा, तेवढा नंबर टाकून द्या. खाली सही करा."

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?"

म्हटलं, "तुमच्या चित्रफितीत जीपमध्ये बसून हासते, ते मी."

त्याईनं मोबाईल काढला आन् पुन्हा लावला. मी म्हटलं, जीपले पाहू नका, बाजूले पाहा. हंसाबाई उठून जवळ गेली आन् बोट ठेवलं, "हे मी." मंग दुसरी उठली. एकेक करून नऊ जणी त्यात सापडल्या. साहेबानं मोबाईल खाली ठेवला. नंबर काही लिहून देला नाही. बाबूले हाक मारून फाईल मागितली.

तवा शिपाई बादली आन् पोछा घेऊन आला. साहेबानं त्याले थांबवलं. भाऊ, मले वाटलं, त्याईले आमच्याबद्दल काही तरी वाटलं असंल. तर ते म्हणाले, "थांब, आधी फोटो काढू दे. चित्रफीत रद्द करायला तेवढ्याच ताकदीचा पुरावा लागेल." मंग आम्ही भिंतीले टेकून ओळीनं पाय पुढं केले, आन् कचेरीतल्या पोट्टीनं फोटो काढले. बत्तीस पाय. त्याखाली साहेबानं लिहिलं, "रस्ता पादचाऱ्यांस अयोग्य," आन् पांदणीचं नाव परत यादीत टाकलं.

तुमच्या मित्राले अजून माहीत नाही. संध्याकाळी ते मले घ्यायले वावरात गेले, मी तिथं नव्हती, म्हणून त्या अबोल्यात आता रागही मिसळला आहे. दोन दिवस राहू द्या त्याईले तसंच. त्या अकरा जणाईले टायर द्या न द्या, तुमचा धंदा आहे. पण जो घेईल त्याले माह्याकडून एवढं सांगा, की पांदणीत बाया दिसल्या की गाडी थांबवून त्याईले आधी जाऊ द्यायचं.

कोकिळा